डाळिंबी चपलांच्या मागावर

आमच्या भिवंडीत कुणालाच कुजबुजता येत नाही. पाळण्यात असल्यापासून कानाशी लूमची खडखड; आई अंगाई म्हणते तीसुद्धा लिलाव पुकारल्यासारखी. त्यामुळे इथे एखादी गोष्ट लपवायची तर तोंड शिवून घेणं एवढाच उपाय. आणि माझी लेक, जी जन्मल्यापासून कधी गप्प बसली नव्हती, ती मध्यंतरी अचानक गप्प झाली. मला संशय आला नसता तर मी आई कसली?

पण आधी चपलांचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण चपलांनी घडवलं. आमच्या मोहल्ल्यात बाई तोंडावरून ओळखायची नसते, चपलांवरून ओळखायची असते. समोरून दहा-बारा काळे बुरखे आले तर बाहेरच्या माणसाला दहा-बारा बुरखे दिसतात. मला बायका दिसतात. ही टाच घासत चालते, म्हणजे मधल्या गल्लीतली धाकटी सून. हिच्या सँडलचा पट्टा सेफ्टी पिनेने जोडलाय, म्हणजे शिवणकामवाली. एकदा तर मी खिडकीत पाठमोरी बसून, नुसत्या टाचेच्या आवाजावरून सांगितलं होतं की येणारी बाई गरोदर आहे, नवऱ्यावर रुसली आहे आणि तिच्या घरी आज मसूर शिजली आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. मसुरीचा वास गल्लीभर आला होता असं आमचे हे म्हणतात, पण त्यांना माझं कौतुक कधी बघवलेलं नाही.

आमच्या घरात डोकं झाकायचं ते पदराने नाहीतर ओढणीने. मी कोकणी मुसलमानाची पोर, गणेशपुरीच्या बाजूच्या खेड्यात भातलावणीत वाढलेली, मराठी शाळेत शिकलेली. माझी आई साडी खोचून दिवसभर चिखलात वाकलेली असायची, पण डोक्यावरचा पदर हलायचा नाही. एका वर्षी वादळ आलं. कौलं उडाली, गोठ्याचा पत्रा उडून वज्रेश्वरीच्या बाजारात जाऊन पडला, आणि आई अंगणात उभी, पदर जागच्या जागी. वादळच शरमलं आणि निघून गेलं. तिच्याकडून मी एकच गोष्ट बिनचूक शिकले. बांग कानावर आली, म्हणजे तुम्ही अजान म्हणता ती, की हात आपोआप वर जातो आणि पदर कपाळापर्यंत ओढला जातो. हातात कणीक असो की कोंबडी, हात जाणारच. झोपेतही जातो. पहाटेच्या बांगेला मी झोपेतच चादर डोक्यावर ओढते आणि ह्यांचे पाय उघडे पडतात. इतकी वर्षं संसार झाला तरी ही तक्रार रोज ताजी असते.

लेक अगदी उलट. बांग सुरू झाली की ही घरभर ओढणी शोधत पळायची आणि मिळेपर्यंत हाताला लागेल ते डोक्यावर ठेवायची. टॉवेल, वही. एकदा पिठाची चाळणी. चाळणीतून पीठ गळतंय आणि ही भुवया पांढऱ्या करून, डोळे मिटून, मोठ्या भक्तीने उभी, तोंडाची बडबड मात्र चालूच.

तर ही चाळणीवाली पोर एके सकाळी कॉलेजला निघाली ती पायघोळ काळा बुरखा आणि तोंडावर नकाब घालून. नुसते डोळे दिसत होते, आणि ते डोळे माझ्याकडे बघत नव्हते.

"हे काय गं?" मी म्हटलं.

"नकाब."

"ते मलाही दिसतंय. का?"

"मन झालं, अम्मी."

मन झालं! माझ्या पोरीचं मन आजपर्यंत पाणीपुरीवर झालं होतं, नव्या मोबाईलवर झालं होतं, पण पडद्यावर? मोहल्ल्यातल्या बायका दारादारातून "माशाअल्लाह, माशाअल्लाह" करत होत्या. मी वरून हसत होते आणि आतून मोजमाप घेत होते. कॉलेजातून रोज वेळेवर येणारी पोर आता बुधवारी उशिरा येते. विचारलं तर म्हणते, "काम होतं." फोनवर बोलताना गच्चीत जाते. आणि वर हा नकाब. अहो, ज्याला स्वतःला लपवायचं असतं त्याने काय घालावं? मी तिच्या जागी असते आणि माझं कुणावर मन बसलं असतं, तर मीही हेच घातलं असतं!

हा विचार माझ्या एकटीच्या डोक्यात असता तर मी मसाल्याच्या डब्यात घालून झाकण लावलं असतं. पण माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते, आणि तिचं डोकं माझ्याहून तेज आहे. ती आली, भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला, "माशाअल्लाह, किती हया, किती लाज आली पोरीत" म्हणाली, आणि भाची आत गेल्याबरोबर माझ्याकडे वळली.

"भाभी, जवान पोर एकदम तोंड झाकायला लागली की घरच्यांनी डोळे उघडायचे असतात."

"आपा, पोरीने दीन-धर्म धरला तर तुम्हाला त्रास काय?"

"मला कसला त्रास? मी तर दुवा देते. पण कुणी काही बघितलं, तर भाईला सांगणं माझं फर्ज आहे."

तिचं ते फर्ज म्हणजे आमच्यावर टांगलेली तलवार. कारण ह्यांनी, म्हणजे लूमच्या धाग्याहून मऊ असलेल्या माणसाने, बहिणीच्या दबावाखाली लेकीच्या कॉलेजच्या पहिल्याच दिवशी शब्द देऊन ठेवला होता: पोरीबद्दल बाहेरून एक जरी बोल आला तर कॉलेज बंद. पोर दुसऱ्या वर्षाला होती. हिशेबात अशी हुशार की मास्तर तिला विचारून फळ्यावर लिहायचे. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली ही पहिली मुलगी. मी स्वतः दहावीला बसायच्या आधी निकाहला बसले. परीक्षेच्या दिवशी मी सासरी पुलावाचा तांदूळ निवडत होते. त्यामुळे मी ठरवलं की काही असलंच, तर ते नणंदेच्या आधी मला कळलं पाहिजे. मला कळलं तर मी कान धरून मिटवीन. तिला कळलं तर पोर घरी बसेल आणि तांदूळ निवडेल.

म्हणून एका बुधवारी मी लेकीच्या मागे जायचं ठरवलं. आणि नकाबवालीच्या मागे जायचं तर नकाबातच जायला हवं.

माझ्याकडे नकाब कुठला? शेजारची भाभी, आझमगढकडची, तिच्याकडे मागितला. भाभी मनाने मोठी, अंगाने काडीपेटी. तिचा बुरखा माझ्या पोटावर आला आणि तिथेच बसला. श्वास आत ओढून बटणं लावली, तर खालून माझी साडी वीतभर बाहेर. चपला तर बदलायलाच हव्या होत्या, कारण माझ्यासारखं चपला वाचणारं दुसरं कुणी शहरात असेल तर? म्हणून भाभीच्याच सँडल घातल्या. त्यांत माझी बोटं मावली, टाचा रस्त्यावर राहिल्या.

"साँस लो, आपा," भाभी नकाबाची नाडी मागून बांधत म्हणाली. "नाक से. मुँह से लोगी तो चश्मा भर जाएगा."

"आणि पान खायचं झालं तर?"

"पान? पहले चलना तो सीखो!"

ती म्हणाली ते खरं होतं. दहा पावलांत चष्म्यावर वाफ. खालून बोट घालून पुसायचं, चार पावलं चालायचं, पुन्हा पुसायचं. पण एक सांगते. त्या काळ्या कपड्यात मी स्वतःच्याच गल्लीतून चालले आणि मला कुणी सलाम केला नाही, कुणी "काय भाभी, आज कुठे?" विचारलं नाही, कुणी पोराच्या दाखल्यासाठी ह्यांच्याकडे शब्द टाकायला सांगितलं नाही. मी लग्नानंतर पहिल्यांदा भिवंडीत एकटी चालत होते. मनात आलं, पोरीला हेच आवडत असेल. आणि लगेच मनात आलं, म्हणजे एकटीने जायला हिला कुठेतरी जायचंय! संशय एकदा अंगात शिरला की चांगल्या विचारालाही कामाला लावतो.

कॉलेज सुटायला वेळ होता. कॉलेजच्या वळणावर माझी नेहमीची भाजीवाली बसते, खाडीकडच्या गावची आगरी बाई. नकाबात आहोत तर बघू या ओळखते का, म्हणून मी मुद्दाम तिच्या टोपलीशी बसले. तिने मला नवीन गिऱ्हाईक समजून भेंडी पुढे केली आणि शेजारणीशी बोलत राहिली. बोलता बोलता विषय निघाला तो माझाच.

"ती लूमवाल्याची बायको येतं ना, तिच्यापुरं भेंडी ठेवाची सोय नाय. एकेक शेंडा मोरून बघतं. सारी टोपली लुली करून जातं!"

माझं तोंड नकाबात लाल झालं असणार. उत्तर द्यावं तर आवाज ओळखू येईल. म्हणून गप्प बसून मी भेंडी बघत होते. कट. कट. कट.

भाजीवालीचं बोलणं थांबलं. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्या चष्म्याकडे, मग पदर तोंडाला लावून अशी हसली की टोपलीतले टोमॅटो घरंगळले.

"कं गो बाय! आज तू पन काल्या कपऱ्यान? भेंडी मोरलीस तवाच वलखली!"

"हळू बोल," मी म्हटलं. "कुणाला सांगू नकोस."

"मी कुनाला सांगतंय? पन मोरलेली भेंडी कोन घेईल, तुजा घो?"

इतक्यात कॉलेजचं फाटक उघडलं. मी मोडलेली भेंडी तिथेच टाकून उठले.

फाटकातून बुरख्यांचा लोंढा बाहेर पडला. काळ्या कापडाचं अख्खं ठाण फाटकातून सुटावं तसा. पण मी वर बघतच नव्हते. मी पाय बघत होते, आणि पायांत मला त्या दिसल्या: डाळिंबी रंगाच्या चपला, वर सोनेरी बक्कल. ईदला मीच घेतल्या होत्या, दुकानदाराचं डोकं खाऊन. दिसल्या तशी मी भिंतीला लागून मागे सरकले, आणि त्याच क्षणी जोहरची, म्हणजे दुपारची, बांग झाली. एका मशिदीची सुरू झाली, मागून दुसरीची, मग शहरभर. डाळिंबी चपला क्षणभर थबकल्या. मग पुन्हा निघाल्या. अल्ला आठवला असेल, मी म्हटलं, आणि मागे लागले.

चपला घराच्या रस्त्याला न वळता उजवीकडे गेल्या. माझं काळीज लूमच्या धोट्यासारखं इकडून तिकडे. दोन गल्ल्या, एक मिठाईवाला, आणि मग एक जुनी दुमजली इमारत. चपला जिन्याने वर गेल्या. मी थोडी थांबून वर डोकावले, तर माडीवर बंद दार आणि दारासमोर बायकांच्या चपलांचा ढीग. आतून एका बाईचा आवाज. दर्स चालला होता, म्हणजे बायकांना दीन शिकवायचा वर्ग. बघा, चोराने लपायला जागा कुठली निवडली!

आता आमच्याकडच्या दर्सची एक रीत आहे. तिथे चप्पल कधी हरवत नाही, ती फिरते. चाळीस बायका एकदम उठतात, अर्ध्यांना घरी पोरं रडत असतात, जिला जी सापडेल ती घालून ती पळते. जिची गेली ती उरलेल्यातली घालते. पुढच्या बुधवारी सगळ्या आपापल्या पायांत परत. कुणी भांडत नाही, कुणी चोरी म्हणत नाही. ही रीत मला लहानपणापासून माहीत. आणि तरीही त्या दिवशी मी जिन्याखाली बसून, अक्कल बुरख्याच्या खिशात ठेवून, फक्त डाळिंबी चपलांची वाट बघत राहिले.

दर्स सुटला. सगळ्यांत आधी एक निळी रबरी स्लीपर फटाक फटाक करत माझ्या नाकासमोरून गेली. बाई उंच होती, जरा घाईत होती. निळ्या स्लीपरशी मला काय देणंघेणं? मागून झुंडीने सँडल, मोजड्या, बूट. आणि शेवटी, सगळ्यांच्या मागून, चोरपावलांनी, डाळिंबी.

मी निघाले. चपला रिक्षाच्या स्टँडवर गेल्या. शेलार गावची शेअर रिक्षा. शेलार! तिथे आमचं कुणी नाही, नणंदेची जाऊ सोडली तर. चपला रिक्षात चढल्या आणि चढायला एकच जागा उरली, अगदी तिच्या शेजारी. मी चढले. मी माझ्या पोटच्या पोरीच्या मांडीला मांडी लावून बसले आणि तोंड बाहेर फिरवलं, ओळखू नये म्हणून. पण नाक माझं काम करत होतं. हिच्या अंगाला खोबरेल तेलाचा वास! आमच्या घरात कुणी खोबरेल लावत नाही. म्हणजे त्याच्या घरचं तेल! डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं तर बुटकी दिसली. म्हटलं, हुशार आहे, ओळख पटू नये म्हणून वाकून बसायला शिकली. रिक्षावाल्याने खड्ड्यांतून रिक्षा अशी उडवली की आम्ही निम्मा रस्ता हवेतूनच गेलो. प्रत्येक खड्ड्याला तिचं डोकं माझ्या खांद्यावर आदळत होतं, आणि मी मनात म्हणत होते, आदळ, आदळ, आज घरी चल म्हणजे दाखवते.

शेलारला चपला उतरल्या. मीही उतरले. नाक्यावर पिठाच्या चक्कीच्या दारात एक बाई डबा घेऊन उभी होती. तिच्या पायांकडे मी बघितलं नाही, ही माझ्या हयातीतली एकमेव चूक. चपला गोदामांच्या मागच्या गल्लीत शिरल्या, भराभर चालायला लागल्या, मीही भराभर. त्या जवळजवळ पळायला लागल्या. मग एकदम थांबल्या, गर्रकन वळल्या, आणि त्यातली एक पायातून निघून हातात आली.

"कौन है तू? कब से पीछे लगी है?"

माझा राग इतका चढला होता की आवाजाकडे लक्षच गेलं नाही. मी गरजले, "तोंड उघड! आई आहे तुझी!"

"मेरी माँ को मरे ज़माना हो गया!" बाई किंचाळली.

आम्ही दोघी उभ्या. गोदामाचं कुत्रं आमच्याकडे बघतंय. मग तिने हातातली चप्पल आणखी वर उचलली. "सास ने भेजा है ना तेरे को? बोल! कितना देती है बुढ़िया?"

मी नकाब वर केला. तिने माझा घामाने थबथबलेला चेहरा बघितला आणि आपला वर केला. माझ्या लेकीहून दहा-एक वर्षांनी मोठी, घाबरलेली, डोळे भरलेले. लूमवर शिफ्ट करणाऱ्याची बायको. तिची सख्खी बहीण शेलारला राहते. सासूचं त्या बहिणीशी भांडण, म्हणून हिला जायची बंदी. बुधवारी दर्सचं नाव सांगून निघते, थोडा वेळ बसते, तिथून बहिणीकडे येते, एक कप चहा पिते आणि परत. तिला वाटलं सासूने पाळतीवर बाई लावली.

"और ये चप्पल?" मी विचारलं.

तिने पायाकडे बघितलं. "मेरी नहीं है. मेरी नीली वाली कोई पहन गई. यही बची थी, यही डाल ली."

निळी. मी तिथेच एका दगडावर बसले. भाभीच्या बुरख्याचं एक बटण तुटून गटारात गेलं.

"ही चप्पल माझ्या मुलीची आहे. उंच आहे, कॉलेजची."

"वो?" बाई डोळे पुसता पुसता हसायला लागली. "वो लंबी वाली आपकी है? अरे, वो तो पढ़ाने वाली आलिमा आपा का दिमाग खा जाती है! पिछले हफ्ते क्या पूछा, मालूम? बोली, नज़र नीची रखने का हुक्म तो पहले मर्दों को है, तो उनकी क्लास कौन से दिन है? सब औरतें हँस हँस के लोट गईं. आपा खुद मुँह छुपा के हँसी."

मी विचारलं, "आणि कुणाशी बोलते? फोन? बाहेर कुणी भेटायला?"

"किताब से बोलती है. और आपा से लड़ती है, फोन पे भी. बस."

मला बरं वाटायला हवं होतं. पण ज्या पोरीने मला एवढं फिरवलं तिला काहीच लपवायचं नव्हतं, हे पचायला मला वेळ लागला. मग या बाईने माझा हात धरला. "आपा, मैं यहाँ आती हूँ, किसी को बोलना मत. अल्लाह का वास्ता."

"मी तुला बघितलंच नाही," मी म्हटलं.

वाटेतच बुरखा उतरवून पिशवीत कोंबला आणि घरी पोचले, तर दाराशी नणंदेच्या टाचेच्या सँडल. आत ह्यांना लूमवरून बोलावून आणलं होतं. ते खुर्चीत खाली मान घालून, आणि नणंद उभी, कंबरेवर हात.

"ये भाभी, ये. माझ्या जावेचा फोन आला. चक्कीवर उभी होती ती. तुझी लाडकी शेलारला रिक्षातून उतरली, त्याच डाळिंबी चपला, सोनेरी बक्कल. आणि मागे एक ढब्बी बाई, आखूड बुरखा, कुंटीणच असणार, पोरीला घेऊन गोदामाच्या मागे गेली! आता बोल."

ह्यांनी मान वर केली. "कुठे आहे पोर?"

मी म्हटलं, "ती ढब्बी बाई मी होते."

नणंद हसली. "बघ भाई. पोरीला वाचवायला ही काहीही सांगेल. परवा म्हणत होती, हिच्या आईच्या पदराला घाबरून वादळ पळालं!"

आता मी काय करू? आयुष्यभर रंगवून रंगवून सांगितलेलं सगळं त्या दिवशी माझ्यासमोर साक्षीला उभं राहिलं. मी सगळं सांगितलं: भाभीचा बुरखा, जिना, चपलांचा ढीग, रिक्षा, भलतीच बाई. जितकं खरं सांगत होते तितकं ते खोटं वाटत होतं. भाभीचा बुरखा दाखवायला पिशवीतून काढला, तर नणंद म्हणाली, "हा तर काडीपेटीच्या मापाचा. यात तू?" मीही बघितलं आणि मलाही खरं वाटेना.

"आणि ती बाई कोण होती, जिने चपला घातल्या?"

"मला काय ठाऊक? तोंड झाकलेलं होतं," मी म्हटलं. नकाबाचा त्या दिवशी झालेला हा एकच फायदा.

हे हळूच म्हणाले, "मी शब्द दिला होता." आणि बहिणीकडे बघितलं. पुस्तकं माळ्यावर, पोर चुलीशी, सगळं मला तिथे उभ्या उभ्या दिसलं.

तेवढ्यात जिन्यावर फटाक फटाक. लेक आत आली. पायांत निळ्या रबरी स्लीपर, हातात पिशवी. पिशवी तिने ओट्यावर उपडी केली, तर भेंडी. सगळ्या शेंडे मोडलेल्या.

"भाजीवाल्या मावशीने दिली. म्हणाली, तुज्या आयशीनं मोरली, तिनंच खावी. मी दर्स सुटल्यापासून तिच्याकडेच बसले होते, काकडी खात." मग तिने सगळ्यांचे चेहरे बघितले. "काय झालं?"

नणंदेने पुन्हा सगळं सांगितलं. लेक ऐकत होती आणि तिची मान खाली चालली होती. मला वाटलं, रडते. ती हसत होती.

"अब्बा, ती अम्मीच होती. मी फाटकाशीच ओळखलं. जोहरची बांग झाली. इतक्या जणी उभ्या होत्या, सगळ्यांची डोकी आधीच झाकलेली, कुणी हललं पण नाही. एकटी एक बाई भिंतीला लागून हात वर करून डोक्यावरचा पदर ओढत होती. पदर नव्हताच, अब्बा! नुसता हवेतून ओढला. असा." आणि तिने करून दाखवलं, दोन बोटांच्या चिमटीने, कपाळापर्यंत.

मला तर असं काही केल्याचं आठवतसुद्धा नाही. पण ह्यांनी ते बघितलं, आणि ज्या माणसाचे पाय रोज पहाटे उघडे पडतात त्याला दुसरा पुरावा कशाला? ते आधी गालात हसले, मग खुर्चीतून घसरले. नणंद म्हणाली, "भाई, यात हसण्यासारखं काय?" आणि ते डोळे पुसत म्हणाले, "आपा, कॉलेज चालू राहील. दर्स पण. फक्त पोरीच्या आईला बुधवारी घरात कोंडून ठेवा."

नणंद चहा न घेता गेली. जाताना तिने निळ्या स्लीपरकडे नीट बघून घेतलं, ते मी बघितलं.

संध्याकाळी आम्ही मायलेकी भेंडी चिरायला बसलो. मी म्हटलं, "तू मला फाटकाशी ओळखलंस."

"हो."

"म्हणजे मी मागे आहे हे तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि तरी, सगळ्यांच्या आधी बाहेर पडून, स्वतःच्या नव्या चपला टाकून, दुसऱ्याच्या फाटक्या स्लीपर घातल्यास. त्याही माझ्या नाकासमोरून."

ती भेंडी चिरत होती.

"चुकून घातल्यास की मुद्दाम?"

तिने सुरी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मगरीबची बांग सुरू झाली. माझा हात वर गेला. तिने एका हाताने आपली ओढणी घेतली आणि दुसऱ्या हाताने माझा मागे घसरलेला पदर पुढे ओढून दिला. बांग चालू असताना बोलायचं नसतं. ती डोळे मिटून शांत उभी राहिली. बांग संपल्याबरोबर वजूचे हातपाय धुवायला गेली, तिथून नमाजाला, नमाजावरून पुस्तकात.

आता मला सांगा. जी पोर बांगेत चाळणी डोक्यावर घेऊन बडबडायची, तिने बांगेत गप्प बसायचा नियम नेमका त्याच दिवशी इतका मनावर घ्यावा? डाळिंबी चपला पुढच्या बुधवारी रीतीप्रमाणे परत आल्या. टाचेला शेलारचा चिखल होता. मी तो अजून धुतलेला नाही.